सोलापुरातलं जोडपं, चार नियम आणि एक टॉवेल : इरॉटिक थ्रिलर कसं बांधावं?

भुईकोट

विवाहित जोडपं, दोघांच्या मर्जीनं दुसऱ्या जोडप्याशी जोडीदार-बदल, आणि त्यातून उभा राहणारा थरार. हे बीज घेऊन सोलापुरात घडणारी कादंबरी कशी बांधावी यासाठी हा धागा. मोघम बोलणं होऊ नये म्हणून एक सांगाडा धरू.

सुजाता, वय ३६, सहकारी बँकेत नोकरी. माहेर पूर्व भागातलं, तेलुगू भाषक. विनायक, ४१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना. प्रेमविवाह, १३ वर्षं झालेली, घर जुळे सोलापुरात. दुसरं जोडपं रवी आणि कीर्ती, आपण पुण्याचे म्हणून सांगतात. चौथ्या भेटीनंतर विनायकच्या फोनवर ४० सेकंदांची क्लिप येते.

या प्रकारातलं लेखन बहुतेक वेळा एकाच ठिकाणी ढासळतं. लेखक शृंगार एका प्रकरणात लिहितो, थरार दुसऱ्यात, आणि दोघांची गाठ पडत नाही. वाचक मग पानं उलटून हवं ते शोधतो. गाठ मारायची जागा म्हणजे नवरा-बायकोनं आपसात ठरवलेले नियम. ते पहिल्या ३० पानांत वाचकाला तोंडपाठ झाले पाहिजेत. मी चार धरलेत: सगळं एकाच खोलीत, ओठांवर चुंबन नाही, दुसऱ्या जोडप्याशी एकट्यानं मेसेज नाही, आणि दोघांपैकी कुणी "गॅस बंद केला होता ना?" असं विचारलं की कारण न विचारता दोघांनीही निघायचं. पुढचं प्रत्येक वळण म्हणजे यातल्या एका नियमाचं मोडणं. हलका नियम आधी, जड नंतर.

६०,००० शब्द धरले तर माझं माप असं: पहिला शृंगारप्रसंग ५,००० शब्दांच्या आत आणि तो नवरा-बायकोचाच. त्यांच्यात अजून ओढ आहे हे दिसलं नाही तर पुढं गमावण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्या जोडप्याची पहिली भेट १२,००० च्या आसपास, प्रत्यक्ष बदल २०,००० ला, चौथा नियम मोडणं बरोबर मध्यावर. क्लिप त्यानंतर.

अक्षरवेल

सांगाडा चांगला आहे. "वाइफ स्वॅपिंग" हा वर्तमानपत्री शब्द निवेदकाच्या तोंडी येऊ देऊ नका. त्यात बाई ही वस्तू होते आणि सुजाताची मर्जी पहिल्याच ओळीत पुसली जाते. पोलिसाच्या तोंडी मात्र तो जरूर यावा, कारण तिथं तो तिला टोचला पाहिजे. या वर्तुळातली माणसं आपसात "कपल", "सॉफ्ट", "फुल", "सेम रूम", "सेपरेट रूम" असंच बोलतात. सॉफ्ट म्हणजे संभोगापर्यंत न जाणारं, फुल म्हणजे सगळं. संवादात हे शब्द दोनदा आले की पुरे, पुढं वाचक स्वतः ओळखतो.

मराठी शृंगारलेखनाची जुनी अडचण शब्दांची आहे. एकीकडं स्तन, संभोग असे शरीरशास्त्राच्या पुस्तकातले शब्द, दुसरीकडं शिव्या, आणि मधली जागा मोकळी. ती जागा अवयवांच्या नावांनी भरत नाही. क्रियापदांनी भरते आणि घरातल्या वस्तूंनी: हुक, नाडी, मंगळसूत्र बाजूला सारणं, मानेवर पावडरीत उठलेली घामाची रेघ. मे महिन्यातलं सोलापूर ४२-४३ अंशांवर असतं. त्या उन्हात दुपारी दोन वाजता पडदे ओढलेल्या खोलीत कूलरचा आवाज, वाळ्याचा वास आणि फरशीचा गारवा, एवढ्यावर एक प्रसंग उभा राहतो.

सर्वांत मोठं हत्यार मराठीत आयतं आहे, संबोधन. सुजाता घरात आणि चारचौघांत विनायकला "अहो" म्हणते, फक्त अंधारात "तू". हे वाचकाला तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच कळू द्या. मग तिसऱ्या भेटीत भिंतीपलीकडून ती रवीला "तू" म्हणताना विनायकला ऐकू येतं. कराराच्या यादीत हे नव्हतं, कारण ते लिहावं लागेल असं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. या एका अक्षरासाठी दोन पानं द्या.

चाटीगल्ली

भिंतीपलीकडून ऐकू आलं म्हणजे खोली वेगळी. म्हणजे पहिला नियम तोवर मोडलेला असला पाहिजे. तो कुणी आणि का मोडला?

भुईकोट

बरोबर पकडलंत. तिसऱ्या भेटीत कीर्ती म्हणते, "इथला एसी चालत नाहीये, आपण पलीकडं जाऊ." नियम असेच मोडले जावेत, सोयीच्या नावाखाली, कुणीही ठरवून न मोडता. क्लिप आल्यावर वाचक मागं जाऊन पाहील तेव्हा त्याला कळेल की एसी बंद पाडलेला होता, कारण कॅमेरा पलीकडच्या खोलीत होता.

निशाचर

ओळख कशी होते यावर एक प्रकरण घालवलंत तरी चालेल, बहुतेक लेखक तिथं घाई करतात. वास्तवात "कपल" म्हणून असलेल्या प्रोफाइलमागं एकटा पुरुष असणं हा सर्वांत नेहमीचा प्रकार. म्हणून माहीतगार जोडपी तीन गोष्टी करतात. आधी दोघांचा व्हिडिओ कॉल, त्यात बाईनं स्वतः बोलायचं. मग सार्वजनिक जागी चहा-कॉफी, त्या दिवशी काहीही होणार नाही हे आधीच ठरवून. आणि त्या भेटीनंतर किमान एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. विनायक-सुजाता यांनी हे तिन्ही केलं पाहिजे. हुशार, सावध माणसं फसली तरच वाचकाला घाम फुटतो. रवी-कीर्ती जोडपं म्हणून खरंच आहेत, त्यामुळं तिन्ही चाचण्यांत पास होतात. खोटं आहे ते त्यांचं गाव आणि त्यांचा हेतू.

फोटोंबाबत नेहमीची चूक अशी: लेखक लिहितो की फोटोतल्या लोकेशनवरून पत्ता सापडला. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे मूळ फाइल पाठवली तर राहते, तीसुद्धा कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर. म्हणून प्रसंग असा लिहा की फोटो धूसर येतोय म्हणून कीर्ती म्हणते, "डॉक्युमेंटमध्ये टाक ना." तिथं तिसरा नियमही मोडला जातो, सुजाता एकटीनं पाठवते.

कॅमेरा. १०८० पी चित्रण साधारण १० एमबीपीएसनं धरलं तर तासाला साडेचार जीबी लागतात. ३२ जीबीच्या कार्डात साडेसहा-सात तास मावतात, आणि लूप चालू असेल तर त्यानंतर जुनं पुसलं जातं. ही मर्यादा कथेला सोन्यासारखी आहे. कॅमेरा संध्याकाळी सहाला चालू केला आणि कार्ड पहाटे पाचला काढलं, तर रात्री अकराची क्लिप कार्डावर उरते, पण सहाला कॅमेरा लावणारा माणूस पुसला जातो. अंधारात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे पुष्कळ फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट ठिपक्यासारखे दिसतात. सुजाता अंधारात सेल्फी काढते, ठिपका दिसतो, तिला तो टीव्हीचा दिवा वाटतो. हे आधी पेरा.

दोनबीम

विनायकचा धंदा टॉवेलचा आहे तर तो नुसता पार्श्वभूमीला ठेवू नका, त्याच्यावर उकल करा.

टेरी मागावर दोन बीम असतात. एक जमिनीचा ताणा (उभे धागे), तो घट्ट. दुसरा पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या उभ्या फाशांचा, तो सैल. तीन पिकांच्या (पीक म्हणजे आडवा धागा) टेरीत दोन पिकं कडेपासून थोडी दूर पडतात आणि तिसऱ्याला फणी तिन्ही एकदम ठोकते, तेव्हा सैल ताण्याचे लूप उभे राहतात. पाइलचा ताण बिघडला की लूप छोटे-मोठे होतात आणि टॉवेलवर आडवी रेघ दिसते. असा माल परत येतो, सेकंडमध्ये म्हणजे दुय्यम मालात जातो आणि किलोवर विकला जातो. हॉटेलच्या टॉवेलवर नाव जेकार्डनं विणलेलं असतं, त्यामुळं ते उसवून काढता येत नाही.

आता क्लिप. चेहरे नीट दिसत नाहीत, खोली ओळखू येत नाही. खुर्चीवर टॉवेल टाकलेला आहे. पोलीस, वकील, सुजाता सगळे माणसांकडं पाहतात. विनायक टॉवेलकडं पाहतो. नाव अर्धं दुमडलेलं, पण नावाच्या चार बोटं वर रेघ आहे. ती रेघ त्याच्याच मागावरची, त्याच्याच परत आलेल्या लॉटमधली. तो लॉट हॉटेलला कधी गेलाच नव्हता, सेकंडमध्ये एकाच माणसानं उचलला होता. म्हणजे भेटी होतात ते फार्महाउस रवीचं नाही, त्या माणसाचं आहे.

मापं चुकवू नका. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ५०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) टॉवेल साधारण ५६० ग्रॅम भरतो. "किलोभराचा जाड टॉवेल" असं लिहिलंत तर इथला कुणीही वाचक पुस्तक मिटेल. आणि टॉवेल म्हणजे सोलापुरी चादर नव्हे, दोन्ही वेगळे माग आणि वेगळे धंदे.

चाटीगल्ली

ही उकल फार आवडली. तो माणूस मग चाटी गल्लीतला कापड व्यापारी असू शकतो, विनायकच्या रोजच्या बसण्या-उठण्यातला. ब्लॅकमेल बाहेरून आलंय असं वाटत असताना ते उधारीच्या वहीतून निघावं. गावाच्या आकाराचा इथं उपयोग होतो. मुंबईत अनोळखी राहता येतं, सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर थांबलं तरी कुणीतरी "काय बे, इकडं कुठं?" विचारतंच. म्हणून पहिली चहाभेट शहरात ठेवूच नका. ती पुणे रस्त्यावर ठेवा, आणि तिथं फास्टॅग वापरा. टोल कापला की नाक्याच्या नावासह मेसेज नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. गाडी कारखान्याच्या नावावर आणि नंबर हिशेबनिसाचा असेल, तर सावळेश्वर नाक्याचा मेसेज नको त्या फोनवर जातो, रविवारी दुपारी.

पाण्याचंही ध्यानात ठेवा. इथं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि कित्येक भागांत अवेळी. पाण्याच्या रात्री दोन वाजतासुद्धा सगळी गल्ली जागी असते, मोटारी चालू, बायका-माणसं दारात. "ते दोघं मध्यरात्री कुणाच्या नजरेस न पडता परतले" हे वाक्य त्या रात्री चालणार नाही. उलट, बेत आखताना रवीला हे माहीत नसतं, आणि शेजारच्या मावशी हीच त्याला पाहिलेली एकमेव साक्षीदार ठरते.

कडकभाकरी

पैसे देण्याचा प्रसंग सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत घालायचा मोह होईल, पांढऱ्या बाराबंदीत सगळे सारखे दिसतात म्हणून. अक्षता सोहळ्यात आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत तो घालू नये असं मला मनापासून वाटतं. तिथली गर्दी श्रद्धेची आहे, ती कथेच्या सोयीसाठी वापरली की वाचक दुखावतो आणि पात्रही स्वस्त होतात. होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांचे स्टॉल इथं तोच प्रसंग जास्त जमतो. पाळणा थांबायला वेळ लागतो, आणि वर बसलेल्या माणसाला खाली कोण कुणाला भेटतंय ते दिसतं पण उतरता येत नाही.

विधिज्ञा

कायद्याची बाजू, कारण इथंच बहुतेक कथा गडगडतात.

व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं जोसेफ शाइन खटल्यात भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं कलम नाही. त्यामुळं "तुम्हाला आत टाकीन" ही ब्लॅकमेलरची धमकी पोकळ आहे. ती सुजाताला खरी वाटू द्या, पण वकिलाच्या एका वाक्यात फुटू द्या. त्यानंतर धमकीत फक्त लाज उरते आणि कथा अधिक काळी होते.

घटस्फोटाला मात्र व्यभिचार हे कारण आजही आहे, हिंदू विवाह कायदा, कलम १३. आणि त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार, ज्या कृत्याला अर्जदारानं साथ दिली, मूक संमती दिली किंवा जे माफ केलं, त्याच्या आधारे त्याला घटस्फोट मागता येत नाही. म्हणजे चारही भेटींचा उपयोग दोघांपैकी कुणालाच नाही. पण सुजाता पाचव्यांदा रवीला एकटीच भेटली असेल, तर त्या भेटीला विनायकची साथ नव्हती. एका दुपारची ती भेट सिद्ध होते की नाही, यावर अख्खं न्यायालयीन प्रकरण उभं राहील.

क्लिपबाबत: न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीचं खासगी कृत्य चोरून पाहणं, टिपणं किंवा पसरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं. चित्रणाला संमती होती पण पसरवायला नव्हती, तरी पसरवणं गुन्हाच. हे कलम स्त्रीसाठी आहे. विनायकच्या चित्रणासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई लागेल, ते कोणत्याही व्यक्तीला लागू होतं. पैसे उकळले की खंडणीचं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत. फार्महाउस शहराबाहेर असेल तर ते सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं, शहर आयुक्तालयाच्या नाही. तरी गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवणारा हवालदार चुकीचा वागतोय हे वाचकाला कळलं पाहिजे. उच्च न्यायालयात जायचं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं आहे, तेव्हा वकील मुंबईची गाडी पकडणार नाही.

विनायक संतापून फोनमधली क्लिप पुसतो, असा प्रसंग मोहात पाडतो. तो ठेवायचाच असेल तर त्याची किंमत दाखवा. डिजिटल पुरावा न्यायालयात मांडताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिचा डिजिटल ठसा असतो. मूळ फाइलच नसेल तर पहिला तडाखा फिर्यादीलाच बसतो. पैसे यूपीआयनं गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर लगेच फोन, जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यात सरकतात. आणि स्टॉप एनसीआयआय नावाची सोय आहे. तिथं चित्रफीत अपलोड होत नाही, आपल्याच फोनवर तिचा हॅश तयार होतो आणि सहभागी संकेतस्थळं त्यावरून ती अडवतात. सुजाता रात्री तीनला एकटी बसून हे करते, हा एक सुंदर शांत प्रसंग होईल.

अक्षरवेल

प्रकाशनाबद्दलही थोडं, विधिज्ञाताई?

विधिज्ञा

न्याय संहितेत अश्लीलतेचं कलम आता २९४. साहित्यासाठीचा अपवाद त्यात आहे. मराठी लेखकानं चंद्रकांत काकोडकरांचा खटला वाचावाच. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या कथेवरून उच्च न्यायालयात शिक्षा झाली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. २०१४ च्या अवीक सरकार निकालापासून संपूर्ण कृती आणि आजच्या समाजाची मापं, असं पाहिलं जातं. म्हणून सुटा उतारा समाजमाध्यमावर टाकण्यापेक्षा पुस्तक अखंड वाचलं जाणं लेखकाच्या हिताचं.

निशाचर

आरोग्याचा तपशील एका ठिकाणी तरी यावा, नाहीतर मोठी माणसं बालिश दिसतात. निरोध हवेतच, पण खोबरेल तेल किंवा कोणतंही तेल लेटेक्सला लागलं की ते कमकुवत होतं आणि फाटतं. पाण्यावर आधारित वंगण लागतं. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं पाकीटही बाद समजावं. निरोध फाटला तर एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हा ७२ तासांचा काटा थरारासाठी बॉम्बपेक्षा चांगला आहे. शनिवारी रात्री घटना, रविवार बंद, सोमवारी ओळखीचा डॉक्टर टाळायचा. सरकारी आयसीटीसी केंद्रात चाचणी आणि समुपदेशन मोफत असतं, पण बाकावर बँकेतला खातेदार बसलेला असू शकतो.

चाटीगल्ली

सुजाताचं तेलुगू अजून कुणी वापरलं नाही.

अक्षरवेल

माझ्या मते तोच कथेचा कणा. लग्नानंतर तिचं बोलणं इतकं मराठी झालंय की रवी-कीर्तीला ती तेलुगू घरातली आहे याचा पत्ता नाही. ते स्वतःला पुण्याचे म्हणवतात, आले आहेत हैदराबादहून. दुसऱ्या भेटीत कीर्ती बाल्कनीत फोनवर दोनच शब्द बोलते, "वाळ्ळु वच्चारु", ते आले. सुजाताला कळतं. ती विनायकला सांगत नाही.

का सांगत नाही, इथं लेखकाची खरी परीक्षा आहे. भीतीनं नाही. तिला त्या रात्री तिथं राहायचं होतं. सांगितलं असतं तर विनायकनं गॅसचा प्रश्न विचारला असता आणि दोघं घरी गेले असते. तिची इच्छा आणि तिचा धोका एकाच गप्प राहण्यात आहेत. हे जमलं तर शृंगार आणि थरार वेगळे राहत नाहीत.

भुईकोट

मग मध्यावरचं मोडणंही बदलतो. मी धरलं होतं की सुजाता प्रश्न विचारते आणि विनायक ऐकून न ऐकल्यासारखं करतो. आता चौथ्या भेटीत विनायकच विचारतो, "गॅस बंद केला होता ना?" आणि सुजाता म्हणते, "हो, केला होता." उत्तर द्यायचंच नव्हतं, उठायचं होतं.

अक्षरवेल

हे ठेवा. आणि त्या ओळीनंतर शृंगारप्रसंग तोडू नका, पुढं चालू द्या, अजून दीड पान, विनायकच्या बाजूनं. तो थांबवू शकतो, जबरदस्ती कुणाचीच नाही, दार उघडं आहे. तरी तोही थांबत नाही. संमतीची रेघ इथं स्वच्छ ठेवा. कुणाला गुंगी दिली, कुणाला धरून ठेवलं असं काही आलं की ही दुसरीच कथा होते आणि दोघांचा वाटा संपतो.

दोनबीम

एक राहिलं. तो रेघेचा टॉवेल विनायकला आधीच एकदा दिसला पाहिजे, फार्महाउसवरच्या पहिल्याच भेटीत, हात पुसताना. त्या वेळी त्याचं लक्ष सुजाताकडं असतं. बोटांना उंच-सखल पाइल लागते, सवयीनं अंगठा रेघेवरून फिरतो, आणि तो टॉवेल खुर्चीवर टाकतो. तिथंच तो क्लिपमध्ये दिसतो.